माझे वरचे सहा दात

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आमच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. सरपंच सुगंधाबाईंनी तशी विनंती केली आहे, आणि विनंती करताना त्यांनी तोंडावर पदर धरला होता. गडचिरोली जिल्ह्यात तोंडावर हात, पदर, ओढणी, दुपट्टा आणि अगदीच काही नसेल तर वही धरून बोलणारा माणूस तुम्हाला भेटला, तर तो आमच्या गावचा असू शकतो, एवढंच सांगते.

कारण आहे आमचं बोरिंग. शाळेसमोरच्या या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड इतकं आहे की लहानपणापासून ते प्यायलेल्या माणसाच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात, आणि ते मग कशानेही जात नाहीत. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी सरकारी माणसं आली, त्यांनी हातपंपाला लाल रंग मारला, म्हणजे हे पाणी पिऊ नका, आणि निघून गेली. गावाला रंग फार आवडला. पाणी तर आधीपासूनच आवडत होतं. चवीला गोड, आणि त्यात तुरीची डाळ जशी शिजते तशी दुसऱ्या कुठल्याच विहिरीच्या पाण्यात शिजत नाही. वाईट एवढंच झालं की आमच्या गावातल्या एकाही लग्नाच्या अल्बममध्ये दात नाहीत. नवरदेव, नवरी, वऱ्हाडी, बँडवाले (तेही आमचेच), सगळे ओठ घट्ट मिटून उभे. बाहेरच्या माणसाला वाटावं, लग्न नाही, पंचनामा चालू आहे.

तर या बोरिंगवर मी नववीत विज्ञान प्रकल्प केला. पाण्याची तपासणी, वाळू-विटांची गाळणी, आणि एकशे बारा लोकांच्या दातांचं सर्वेक्षण. सर्वेक्षण करणं म्हणजे घरोघरी जाऊन लोकांना तोंडावरचा हात काढायला लावणं. ते मी कसं केलं ते माझं मलाच माहीत. फोटो मात्र एकानेही काढू दिला नाही. "लिहून घे न माय, फोटो कायले पायजे?" हे वाक्य मी एकशे बारा वेळा ऐकलं. तरीही प्रकल्प तालुक्यात पहिला आला! आमच्या शाळेतून जिल्ह्याला गेलेला पहिला प्रकल्प! आमचे विज्ञानाचे प्रवीण सर इतके हरखले की त्यांनी जिल्ह्याचा अर्ज त्याच रात्री भरून टाकला आणि दुसऱ्या दिवशी तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला निघून गेले. प्रकल्प जिल्ह्यावरून पुढे राज्याला गेला तर आमच्या गाळणीकडे पंचायतीला पाठ फिरवता येणार नाही, असं सर म्हणाले होते. मी ते मनावर घेतलं.

पण तालुक्याच्या परीक्षकांनी माझ्या कागदावर एक शेरा मारला होता. "विद्यार्थिनी तोंडावर वही धरून बोलते. आवाज स्पष्ट नाही."

आवाज स्पष्ट नाही! शाळेच्या मैदानावर मी हाक मारली तर नदीपलीकडची गुरं मान वर करतात, आणि माझा आवाज स्पष्ट नाही! मी तो शेरा सात वेळा वाचला आणि ठरवलं की जिल्ह्याला मी वहीशिवाय बोलणार. वहीशिवाय बोलायचं म्हणजे आधी दातांचं काहीतरी करायला पाहिजे.

उपाय सांगितला आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या पुनमताईंनी. चंद्रपूरला डॉक्टर रंजीता मडावी म्हणून आहेत, त्या एका संस्थेतर्फे शाळेतल्या मुलामुलींचे असे दात फुकट करून देतात. दात उपटत नाहीत. त्याच दातांवर एक मसाला चढवतात, आणि त्याला म्हणतात कंपोझिट व्हीनिअर. पुनमताईंनी मोबाइलवर एका मुलीचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. मी ते पाहून दोन मिनिटं काही बोलले नाही. माझ्या बाबतीत ही ऐतिहासिक घटना आहे, हे वर्गातलं कोणीही सांगेल.

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली आणि सल्ले यायला लागले. कमळाकाकू म्हणाल्या, कोळसा आणि मीठ घास, एका महिन्यात पांढरे. काकू स्वतः चाळीस वर्षांपासून घासत आहेत, याची मी त्यांना आठवण करून दिली नाही. शेजारचे देवाजीमामा कुंपणावर रेलून बराच वेळ विचार करत होते.

"दातावर दात बसवतेत म्हंते?"

"हो मामा."

"मंग अंदरचा दात गुदमरन नाई का?"

या प्रश्नाने मला रात्रभर झोपू दिलं नाही, कारण मी स्वतः विज्ञानाची विद्यार्थिनी आहे आणि प्रश्न मला योग्य वाटला.

आई म्हणाली, "सगळ्याईचे असेच हाय न गावात. तुलेच काऊन लाज वाटून राह्यली?" बाबा म्हणाले, "हसाले एवढं काय हाय पण आपल्या घरी?" पण दोघंही शेवटी हो म्हणाले. मी जेवण सोडलं होतं म्हणून नव्हे. मी दोन दिवस सतत बोलत होते म्हणून.

आता संस्थेच्या अर्जाला एक कागद लागत होता : विद्यार्थिनी फ्लोराइडचं पाणी पिते, असं ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र. मी दप्तर घेऊन ग्रामसेवक सुनिलभाऊंकडे गेले. त्यांनी एक जाड रजिस्टर काढलं, बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबले आणि माझ्याकडे फार दुःखाने पाहिलं.

"हे बोरिंग तं बंद हाय."

"भाऊ, आत्ताच तुमच्यासाठी त्याचंच पाणी आणलं शिपाई पत्रूने. ते काय टेबलावर."

सुनिलभाऊंनी टेबलावरच्या लोट्याकडे पाहिलं आणि त्यावर झाकण ठेवलं. "मी कागदावरचं सांगून राह्यलो. कागदावर दहा वर्षांपासून बंद हाय. बंद बोरिंगचं पाणी तू कशी प्याली?"

"दांडा हलवून."

"तसं लिहिता येत नाई न."

मी सरपंचबाईंकडे गेले. सुगंधाबाई पदराआडून म्हणाल्या, "पोरी, मी लिहून देलं का आमी ते पाणी पितो, तं उद्या वरून विचारन, का बंद बोरिंग चालू कोनं केलं?" कोणी चालू केलं? कोणी बंदच केलं नव्हतं! पण हेही लिहिता येत नव्हतं. या एका कागदासाठी मी आठ दिवसांत पाच वेळा पंचायतीत गेले. शेवटी पाचव्या वेळी सुनिलभाऊंनी जे प्रमाणपत्र दिलं, ते मी जन्मभर जपून ठेवणार आहे. "प्रमाणित करण्यात येते की कु. करिष्मा भोयर ही गावची रहिवासी असून तिचे दात तपकिरी असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले. कारण समजून आले नाही." खाली सही, शिक्का. म्हणजे माझ्या दातांवर सरकारी शिक्का बसला, आणि तोही डॉक्टरांच्या आधी.

चंद्रपूरला मी, आई आणि कमळाकाकू एसटीने गेलो. काकूंना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्यांचं म्हणणं होतं की अशा वेळी घरचं माणूस पाहिजे. आई घरचीच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

डॉक्टर रंजीता मडावी! मला वाटलं होतं चष्मा, पांढरे केस, रागीट चेहरा. समोर आल्या तर पायात साध्या चपला, वेणी, आणि वयाने माझ्या मावसबहिणीएवढ्या. त्या भामरागडकडच्या एका जंगलातल्या गावातल्या. घरात शिकलेली पहिली मुलगी, आणि आता मशीनची खुर्ची पायाने वर-खाली करतात! मी त्यांच्याकडे इतकी टक लावून पाहत होते की त्यांनी दोनदा विचारलं, "घाबरलीस का?" मी दोन्ही वेळा मान हलवली, एकदा हो आणि एकदा नाही.

मग त्यांनी एक पट्टी काढली. तिच्यावर ओळीने नुसते दात! पिवळसर, दुधी, पांढरे, जास्त पांढरे. त्यातला एकेक माझ्या दाताशेजारी धरून त्या रंग जुळवायला लागल्या. ही गोष्ट त्यांनी आमच्या लोकांसमोर करायला नको होती. आमच्याकडे रंग निवडणं हे एका माणसाचं काम नसतं. साडी असो की घराचा डिस्टेंपर, चार बाया बसल्याशिवाय रंग ठरत नाही. आई उठून आली. काकू उठून आल्या. बाहेर दाढ दुखते म्हणून बसलेली एक बाई गालावर हात धरून आत आली.

"हा घ्या जी, शेवटचा," काकू म्हणाल्या. "एकदम टाइल्ससारखा."

"त्यानं ती म्हातारपणी कवळी घातल्यासारखी दिसन," दाढवाली म्हणाली. "मधातला घ्या."

"मधातला मळतो," आई म्हणाली.

डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काकू, कवडीसारखे पांढरे दात माणसाला नसतात. डोळ्याच्या पांढऱ्यापेक्षा दात पांढरा नको." हे ऐकून तिघींनी लगेच एकमेकींच्या डोळ्यांत वाकून पाहिलं. मीही आरशात माझे डोळे पाहिले. इतकी वर्षं ते माझ्याजवळ होते, आणि त्यांचा असा उपयोग आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं! शेवटी मॅडमनी सांगितलेलाच रंग ठरला, आणि तिघी आपणच ठरवल्यासारख्या बाहेर जाऊन बसल्या.

पुढचे अडीच तास मी कसे सांगू? त्यांनी माझ्या ओठांत प्लास्टिकची एक कमान बसवली. माझं तोंड एवढं मोठं उघडतं हे मला पहिल्यांदा कळलं. मग वरच्या सहा दातांवर निळं जेल लावलं, धुतलं, वाळवलं. मग तो मसाला. लोण्यासारखा मऊ. त्या बारीक पत्तीने तो एकेका दातावर पसरत होत्या, कडेने दाबत होत्या, परत थोडा घेत होत्या. आमच्याकडे भिंतीला पुट्टी मारणारे कारागीर आहेत, पण ते सहा फुटांवरून मारतात. ह्या बाई तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत कडा, गोलाई आणि टोक काढत होत्या, आणि काढताना श्वाससुद्धा सोडत नव्हत्या! मग निळा दिवा. टिंग. दहा सेकंदांत लोण्याचा दगड! मी विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाचा अख्खा धडा पाठ केला आहे. त्यात परावर्तन आहे, अपवर्तन आहे, पण प्रकाशाने दात तयार होतो हे कुठेच नाही. तोंड उघडं असल्यामुळे मला 'बापा!' म्हणता येत नव्हतं. मी ते पायाच्या अंगठ्याने म्हणत होते.

गुदमरण्याचाही प्रश्न मी नंतर विचारला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दाताला श्वास नसतो, पण प्रश्न चांगला आहे. कोणाचा?" मी देवाजीमामांचं नाव सांगितलं. ते मामांना कळल्यापासून ते गावात स्वतःला अर्धा डॉक्टर समजतात.

मग मॅडमनी आरसा दिला. आणि मी काय केलं असेल? हसले नाही. आधी नमस्कार केला. खरंच! आरशात एक अनोळखी, चांगल्या घरची मुलगी दिसली, आणि हात आपोआप जोडले गेले.

आईने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. काकू म्हणाल्या, "हे आपली करिष्माच हाय न? नीट पाह्यजो बाई, बदलून तं नाई देली?"

येताना एसटीत मी सगळ्यांकडे पाहून हसत होते. वैनगंगेच्या पुलावर नदीकडे पाहून हसले, खिडकीतल्या धुळीकडे पाहून हसले, कंडक्टरकडे पाहून हसले. कंडक्टर थांबले. "काऊन हसून राह्यली? पास दाखव." त्यांनी पास उलटा-सुलटा तपासला, फोटोतले मिटलेले ओठ पाहिले, माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. "हे तू होय?" मी म्हटलं, "आधीची." त्यांनी सुस्कारा सोडून पास परत दिला.

गावात चार दिवस आमच्या घरी रीघ होती. नवीन गाय आणली की लोक जसे येतात तसे लोक येत, ओसरीवर बसत आणि म्हणत, "दाव." मी दाखवत असे. एका आजोबांनी फुटाणे आणले होते, फोडून दाखव म्हणाले. मॅडमनी समोरच्या दातांनी कडक काही तोडायचं नाही आणि दोन दिवस हळद-चहा बंद, असं सांगितलं होतं. हळदीशिवाय आमच्या घरी फक्त दूध-भात असतो. मी दोन दिवस बाळासारखी दूध-भात खाऊन, राणीसारखी बसून होते. एवढी माणसं माझ्या तोंडाकडे पाहायला येतील, आणि मी तोंड लपवणार नाही! मला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटेच्या बसने प्रवीण सर थेट गडचिरोलीला आले. मी हॉलच्या दारात गाळणी घेऊन उभी होते. "सर!" म्हणून मी सगळे सहा दात दाखवले.

सरांच्या हातातली बॅग खाली पडली.

"सुंदर," ते म्हणाले. मग एका बाकावर बसले. "फार सुंदर, करिष्मा. पण आपला पुरावा गेला गं."

सरांनी अर्जात लिहिलं होतं : "विद्यार्थिनी स्वतः बाधित असून तिचे दात हाच प्रकल्पाचा जिवंत पुरावा आहे." फोटो नव्हते, म्हणून त्यांनी मलाच तक्ता केलं होतं. मला सांगितलं नव्हतं, कारण मुलीला तोंडावर असं कसं सांगायचं, म्हणून ते संकोचले होते. आणि मी तक्ता पांढरा करून आले होते!

मला वाटलं, जमिनीत जावं. पण जमिनीवर टाइल्स होत्या.

परीक्षक मॅडम आल्या. जाड काचांचा चष्मा, हातात पॅड, मागे दोन परीक्षक. शेजारच्या ज्वालामुखीला त्यांनी दोन मिनिटं दिली, आमच्याकडे आल्या. मी वहीशिवाय बोलले. इतकं स्पष्ट बोलले की हॉलच्या दुसऱ्या टोकाचे लोक वळून पाहायला लागले. बोरिंग, फ्लोराइड, डाळ, गाळणी, एकशे बारा लोक.

"फोटो कुठे आहेत?" मॅडम म्हणाल्या.

"लोकांनी काढू दिले नाहीत, मॅडम."

"एकानेही नाही?" त्यांनी अर्ज उलटला. "इथं लिहिलंय विद्यार्थिनी स्वतः बाधित. ती विद्यार्थिनी कुठे आहे?"

"मीच, मॅडम."

त्यांनी चष्मा सरळ केला. माझ्या दातांकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं, आणि ते पाहणं मला अजून आठवतं. "सर, मुलीला काहीही पाठ करून उभं करू नये. खोटे आकडे इथं चालत नाहीत."

सर काहीतरी बोलायला गेले आणि त्यांना खोकला आला. खोटे आकडे! एकशे बारा माणसांनी माझ्यासमोर हात खाली घेतले होते. काही आज्यांनी तर नवऱ्यासमोरसुद्धा कधी घेतला नव्हता. त्यांचं ते धाडस मॅडमच्या पॅडवर खोटं म्हणून लिहिलं जाणार होतं, आणि पेन टेकलंच होतं.

मी दोन बोटांनी माझा खालचा ओठ धरला आणि हनुवटीपर्यंत खाली ओढला.

डॉक्टर मॅडमनी माझे फक्त वरचे सहा केले होते. हसताना तेवढेच दिसतात. खालचे सगळे जसेच्या तसे होते, पट्टे, डाग, सगळं. भर हॉलमध्ये, ज्वालामुखीच्या शेजारी, शंभर अनोळखी लोकांसमोर मी ते दाखवत उभी राहिले. ओठ धरलेला असल्यामुळे या वेळी माझा आवाज खरोखर स्पष्ट नव्हता, पण मी म्हटलं, "मॅडम, वर उपचार केलेले. खाली न केलेले. पाणी एकच, वय एकच, तोंडही एकच."

पेन थांबलं.

परीक्षक मॅडम वाकल्या. मोबाइलचा टॉर्च लावला. "हलू नकोस," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाजच बदलला होता. "तुम्ही दोघं इकडे या. हे पाहा. तुलनेसाठी वेगळा गट नको, वेगळी खोली नको. सगळा प्रयोग एका तोंडात!" दोन्ही परीक्षक वाकले. मग त्यांच्यामागे अजून कोणी, मग ज्वालामुखीवाला मुलगा, मग त्याची आई. लोक रांगेत यायला लागले आणि माझ्या तोंडात पाहून गंभीर चेहऱ्याने जायला लागले. देवळात जसे जातात तसे. कोणीच हसलं नाही. एका बाईने तर जाताना मला हात जोडले. दुपारी चार वाजेपर्यंत माझं तोंड बंद झालं नाही, आणि मला ते बंद करावंसंही वाटलं नाही. ज्यासाठी मी इतकी वर्षं वही वापरली, ते पाहायला लोक रांग लावतात! हे जग मला समजलेलं नाही, हे मी इथे कबूल करते.

राज्यासाठी आमची निवड झाली. सर स्टेजवर रडले. त्यांना परत खोकला आला असं ते म्हणतात.

त्याच संध्याकाळी घरी डॉक्टर मॅडमचा फोन आला. पुढच्या मंगळवारी वेळ आहे, खालचे दात करून घे, म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅडम, आत्ता नको. राज्याचं होऊन जाऊ द्या. खालचे आता प्रकल्पाचे आहेत." त्या इतक्या हसल्या की आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"माफ करजा जी मॅडम, पोट्टी बावरली हाय," आई म्हणाली, आणि बोलत बोलत फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. तुळशीपाशी थांबली. मी दाराआड उभी होते, हे तिला माहीत नव्हतं. तिने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"मॅडम, एक विचारू का? चाळीस वर्षाच्या बाईचे होतेत का जी?"

तिकडून काहीतरी विचारलं असावं, वरचे की खालचे, कारण आई स्पष्ट म्हणाली,

"दोनी बाजूचे करा. मले काई प्रदर्शनात जायाचं नाई."